गोपीनाथच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर

मी एक जुनी, विरलेली कातडी आहे, मित्रांनो. शोधू नका, वरून दिसायची नाही. गोपीनाथच्या रक्तवाहिन्यांना आतून अस्तर आहे, ते मीच. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पण घर माझ्या शब्दावर चालायचं.

तो आईच्या पोटात होता तेव्हाच मी तयार झाले. माझ्या बाहेरच्या अंगाला स्नायूंचा थर राहतो. दांडगा, अक्कल बेताची. मी ‘सैल हो’ म्हटलं की तो सैल व्हायचा आणि रक्ताला वाट मिळायची; ‘आवळ’ म्हटलं की आवळायचा. गोपीनाथ नागपूरहून भोपाळला आला, तिथल्या बरखेडा वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहिला, कारखान्यात फिटर झाला. सायकल दामटताना, लोखंड उचलताना मीच त्याला सांभाळलं. कौतुक मात्र हृदयाचं. धडधड करतं ना ते.

मग त्याला सिगरेट लागली. आई शशिकलाबाईंपुढे हा पन्नाशीचा बाप्या मान वर करत नसे. म्हणून कारखान्याच्या फाटकाबाहेर ओढायची आणि बडीशेप चावत घरी यायचं. आईला वास आला नाही. धूर माझ्या वाट्याला आला. मी खरबरीत झाले, माझा आवाज बसला.

पुढे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर सुनंदाबाई खाटेपाशी आल्या.

“विडी, सिगरेट, तंबाखू?”

“अहो बाई, आमच्यात सुपारी चालत नाही,” शशिकलाबाई म्हणाल्या. “हा अजून मला विचारून सिनेमाला जातो.”

“आजी, मी त्यांना विचारतेय.”

“मग विचारा की. गोपू, सांग बाईंना.”

गोपीनाथने बायकोकडे पाहिलं. सुचेताला सगळं ठाऊक होतं. तिने डोळ्यांनी विनवलं, बोला.

“काही नाही,” तो म्हणाला. सासूसमोर सुचेताही गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याला सुई टोचून झोपवलं आणि गोडसर वासाचा वायू दिला. तो फुप्फुसांतून रक्तात उतरला, माझ्यापर्यंत आला. हा वायू स्नायूंना सैल करतो, आणि माझं बोलणंही दाबतो. मी धडधाकट असते तर ‘आवळ’ म्हणत तोल राखायला झटले असते. आता अंगात बळ नव्हतं. रक्तदाब धाडकन कोसळला. सुनंदाबाईंनी वायू कमी केला, औषध टोचलं, दाब वर आणला. तोवर मेंदूकडच्या अरुंद वाटेत, माझ्याच खरबरीत अंगावर रक्ताची गुठळी धरली होती.

गोपीनाथची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

बाहेर सुचेताने डॉक्टरांना खरं सांगितलं. “आधी कळलं असतं तर मी जास्त जपून भूल दिली असती,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?” शशिकलाबाईंनी विचारलं.

“तुम्ही बोलू कुठे दिलंत, आई?” सुचेता म्हणाली.

आता शशिकलाबाई त्याला वरणभात भरवतात. “बोल रे गोपू. मी रागावणार नाही.” तो बघत राहतो.

मित्रांनो, धूर ओढून मला जाळू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा घरातल्या थोरांना खुशाल बाहेर बसवा. राग आला तर येऊ दे, उतरतो तो. खरं तुम्हीच सांगा. मला आतून डॉक्टरांना हाक मारता येत नाही.