यंदाचं ऑइल

ऑक्टोबर संपत आला तरी फोल्कमारने गाडीच्या ऑइलचा डबा आणला नव्हता. त्याची बायको हिल्ट्रूड रोज गॅरेजमध्ये डोकावून पाहत होती.

एरवी हा माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण ऑइल विसरायचा नाही. गॅरेजमधल्या त्या लाल, दोन सीटच्या गाडीची नंबरप्लेटच मुळी हंगामी. एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर आणायची परवानगी, मग हिवाळाभर खोळीत. वर्षाकाठी चालायची ती दोन-चार रविवार. तरी खोळ चढवण्याआधी ऑइल बदलायचंच, हा घरचा कायदा. शेजारी हसायचे, "चालवतोस किती, बदलतोस किती!" त्यावर फोल्कमारचं व्याख्यान तयार असे: कमी चालते म्हणूनच बदलायचं. इंजिन नीट तापत नाही, आत पाणी साचतं, ऑइल खराब होतं आणि थंडीभर इंजिन खात बसतं. किलोमीटर कितीही होवोत, वर्षातून एकदा बदलायचं म्हणजे बदलायचं.

यंदा मात्र तो नुसता खिडकीशी बसून होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती.

"फोल्की, ऑइल कधी बदलायचं?" कॉफी ओतता ओतता तिने विचारलं.

"यंदा राहू दे. गाडी चाललीय कुठे?"

"कमी चालली म्हणूनच ना? इतकी वर्षं ऐकून ऐकून कान किटलेत माझे."

"अगं, गाडी जो घेईल तो बदलेल की."

तिने किटली खाली ठेवली. म्हणजे असं आहे तर. डॉक्टर धीर देत होते आणि हा मनातल्या मनात आवराआवर करून बसला होता. तिला रडू आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला.

"कोण घेणारा? माझ्या गाडीत कोण बसणार ते मलाही कळू दे!"

"तुझी गाडी? कधीपासून?"

"तू विकायला काढलीस तेव्हापासून."

दुपारी ती स्वतः जाऊन डबा, फिल्टर आणि तांब्याचा नवा वॉशर घेऊन आली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने त्याला गाडीत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. ऑइल गरम असलं की सगळा गाळ घेऊन बाहेर येतं, हेही त्यानेच शिकवलेलं.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, पुरे," तो म्हणाला.

"तेवढ्याने नुसतं पाणी साचतं. माझ्या नवऱ्याने सांगितलंय."

तिने गाडी थेट आल्बच्या डोंगरावर घातली. बीच जातीची झाडं पिवळी झाली होती. फोल्कमार कान देऊन इंजिन ऐकत होता. चढावर एकदम म्हणाला, "तिसरा गिअर टाक, तिसरा! कण्हतेय बिचारी." कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता. हिल्ट्रूडने आनंदाने तिसरा टाकला.

गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवून, त्याचा जुना डगला अंगात घालून ती ऑइलचा बोल्ट सोडवायला खाली शिरली. तो स्टुलावर टॉर्च धरून बसला.

"उलटा फिरव. उलटा! अगं, माझ्या उलटा नाही, तुझ्या उलटा!"

"इतकी वर्षं टॉर्च मी धरला आणि ओरडलास तू. आता गुमान धर."

काळं, गरम ऑइल धो धो खालच्या टबात पडलं. थोडं तिच्या बाहीतही गेलं. नवा वॉशर घालून ती बोल्ट आवळू लागली.

"बेताने! बोल्टाशी भांडण नाहीये तुझं."

"तुझ्याशी आहे."

तो हसला. फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं, इंजिन मिनिटभर चालवलं. मग त्याने स्वतः ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली आणि उजेडात धरून पाहिली. बरोबर खुणेवर होतं.

बॉनेटखाली दरवर्षी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायची असते: ऑइल कधी बदललं, कोणी बदललं, पुढचं कधी. तिने कोरी चिठ्ठी आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने आजची तारीख लिहिली. कोणी? हिल्ट्रूड. मग पेन थांबलं.

"पुढचं काय लिहू?" त्याने विचारलं.

"कायदा तुझा आहे," ती म्हणाली. हात पुसायच्या निमित्ताने तिने पाठ फिरवली. त्याने चिठ्ठी तशीच परत दिली तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने हात दोनदा पुसले. मग दोरी ओढल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं तर तो चिठ्ठी बांधत होता. ती वाकून वाचू लागली. पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर लिहिला होता, आणि त्याखाली, कोणी न विचारता:

बदलणार फोल्कमार. टॉर्च हिल्ट्रूड.