खिडकीबाहेरची टाकी

‘खिडकीशी बसून एक बाई शिवते आहे,’ तिने टाइप केलं. ‘चेहरा धूसर केलेला. डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. बाहेर पाण्याची टाकी, तिच्यावर रंगवलेला पांढरा घोडा.’

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना लपवून ठेवणाऱ्या संस्थेची ही वेबसाइट. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहिणं हे तिचं काम, आणि ते ऐकून तपासणं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं. तो जन्मांध. ऑफिसात सगळे त्याला कानसेन म्हणत आणि तोही खुशाल म्हणवून घेई. त्याची शाबासकी मिळावी म्हणून ती हल्ली बारीकसारीक काही सोडत नसे.

कानसेनने हेडफोन काढला.

“ताई, घोड्याची टाकी? ती आमच्या बसथांब्यामागची. कुणी पत्ता विचारला की आम्ही हीच खूण सांगतो.”

“मग?”

“मग काय, तिच्यासमोर एकच तर इमारत आहे.”

घाईघाईने तिने घोडा खोडला, टाकी खोडली, करंगळीही खोडली. ‘एक बाई शिवते आहे’ एवढंच उरलं.

“काढलं हो सगळं.”

“आणि फोटोतलं?”

फोटो आठवडाभर वेबसाइटवर होता. चेहरा झाकलाय म्हणून सगळे निर्धास्त. साहेबांनी पाहिला होता, फोटोग्राफरने पाहिला होता, तिने तर डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. कुणालाही न विचारता तिने तो उडवला आणि आश्रयगृहाचा नंबर फिरवला.

“बाई, त्या करंगळीवालीला आधी खिडकीतून उठवा.”

“ती खाली गेलीय की,” मेट्रन म्हणाली. “माहेरचं कुणी भेटायला आलंय. फाटकाशी उभे आहेत.”

“माहेरच्यांना पत्ता कुणी दिला?”

पलीकडून “अगं बाई!” आणि रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज.

आता तिकडचं तिला काहीएक कळेना. नुसती खरखर आणि लांबवर आरडाओरडा. तिने फोन कानसेनच्या हातात कोंबला.

“काय चाललंय तिथे? सांगा ना हो!”

त्याने दुसरा कान तळहाताने दाबून धरला.

“पळतंय कुणीतरी. अनवाणी. जिना चढतंय.”

“तीच असेल?”

“पाऊल हलकं आहे.”

“आणि मागे?”

तो बराच वेळ ऐकत राहिला.

“अजून तरी कुणी नाही.”