शिकणाऱ्यांना भाडं न्हाय

१९३४ सालच्या जूनमधली गोष्ट. इंदापूर-बारामती मोटारीचे मालक मानसिंगराव स्वतःच गाडी हाकायचे. एका सकाळी काटेवाडीच्या पारापाशी मोटार थांबवून ते मोठ्यानं म्हणाले, "उद्यापासनं बारामतीच्या शाळंला जाणाऱ्या पोरापोरींना भाडं न्हाय. हातात पाटी-पुस्तक दिसलं म्हंजे झालं."

अंथुर्ण्याहून रोज शाळेला चालणं झेपेना, म्हणून मानसिंगरावांची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती.

भाजीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या फुलाबाईनं हे ऐकलं. तिची चंद्रा चौथी पास होऊन घरी बसली होती. मोटारीचं रोजचं भाडं परवडत न्हाय आन् तीन कोस पायी पोरीला एकटी कशी धाडायची, असं तिचा नवरा कुंडलिक म्हणायचा.

संध्याकाळी फुलाबाई त्याला म्हणाली, "आता चालायचं न्हाय, एकटीनं जायचं न्हाय. मी भाजी घिऊन रोज जातीच की."

"लोक काय म्हंतील?"

"त्येच लोक मोटारीत शेजारी बसत्यात. म्हनू द्या."

सोमवारी चंद्रा मोटारीत बसली.

आठवड्याभरात एक नवाच विद्यार्थी चढला. भीमा पैलवान, वय बावीस, बारामतीच्या तालमीत जाणारा. काखेत कोरी करकरीत पाटी.

"मी बी शिकतोय," तो मानसिंगरावांना म्हणाला.

"व्हय? काय शिकलास?"

"आजून सुरवात न्हाय."

मोटारभर हशा पिकला. मानसिंगराव मात्र हसले नाहीत. "मग आज कर सुरवात. बारामती येईस्तवर एक अक्षर काढून दाखीव. न्हाय जमलं तर भाडं दे."

भीमाचा चेहरा उतरला. चंद्रानं त्याची पाटी ओढून घेतली आणि ठळक 'भ' काढला. "ह्यो तुमच्या नावातला. गिरवा."

भीमाच्या मुठीत पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. गचक्यांनी रेघा भलतीकडं जात. पण बाजारपेठ आली तेव्हा पाटीवर वाकडातिकडा 'भ' उभा होता. मानसिंगरावांनी तो नीट न्याहाळला.

"चालतंय. उद्या दुसरं."

भीमा रोज येऊ लागला. आषाढात त्याला नाव लिहिता आलं, दसऱ्यापर्यंत तो अडखळत वाचू लागला. पुढं मोटारीतली शाळेची चार पोरंही त्याच्या पाटीवर वाकून बसायची.

एकदा कुंडलिक कामासाठी त्याच मोटारीत बसला. त्याच्या समोरच चंद्रा भीमाला म्हणाली, "दादा, वेलांटी चुकली. पुसा."

"व्हय बाई," म्हणून पैलवानानं मुकाट्यानं पाटी पुसली.

कुंडलिक बाहेर उसाकडं बघत राहिला. घरी आल्यावर हातपाय धुता धुता एवढंच बोलला, "पोरगी चांगलं शिकवती गं. मोठं पैलवान ऐकत्यात तिचं."

"मग, माजीच हाय ती," फुलाबाई म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये काटेवाडीतून आणखी तीन मुली शाळेला निघाल्या. मानसिंगरावांनी त्यांच्यासाठी मागं बसायला एक फळी ठोकली. त्यामुळं फुलाबाईच्या भाजीच्या पाट्या टपावर गेल्या. उन्हानं मेथी कोमेजते म्हणून तिनं पहिले दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी ओलं पोतं पाट्यांवर टाकलं आणि मुलींचा पाढा ऐकत ती निवांत बसली.