पूर्ण नाव

डॉ. हॅलमचा अर्ज आमच्या मीटिंगमध्ये आला तेव्हा मी तोंडभर हसले. बाकीच्या ट्रस्टींना वाटलं, जुने साहेब भेटणार म्हणून बाईंना आनंद झाला. झालाच होता. फक्त त्यांना वाटला तसला नव्हता.

लीड्सजवळच्या आमच्या या संस्थेचं नाव हॉस्पिटल, पण साडेसहाशे वर्षांत इथे कुणी कुणाची नाडीसुद्धा बघितलेली नाही. मध्ययुगात हॉस्पिटल म्हणजे थकल्याभागल्यांना अंथरूण आणि भाकरी देणारी जागा. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने निराधार म्हाताऱ्यांसाठी अंगणाभोवती बारा खोल्या बांधल्या आणि बदल्यात एकच मागितलं: माझं नाव घेऊन रोज प्रार्थना करा. त्याने मेल्यानंतरचे हाल कमी होतात, अशी त्याची समजूत. पुढे राजाने असल्या प्रार्थना बंद पाडल्या, पण आमच्याकडे तेवढी एक प्रथा चिवटपणे टिकली. दर रविवारी अकरा वाजता इथला एक रहिवासी चॅपेलमध्ये उभा राहतो आणि सगळ्या दात्यांची नावं मोठ्याने वाचतो. पाळी कुणालाच चुकत नाही.

त्या यादीत शेवटचं नाव माझं आहे. रिटायर झाल्यावर मी चॅपेलचं गळकं छप्पर दुरुस्त करून दिलं, तेव्हा क्लार्कने विचारलं, नाव कसं लिहू? मी लग्नाआधीचं, शाळेच्या दाखल्यावरचं लिहून दिलं. सुहासिनी दत्तात्रय खळदकर. आपल्या नावाच्या मधोमध बाप उभा असतो. तो मला तिथे हवा होता.

आता हॅलमबद्दल. खऱ्या हॉस्पिटलात, त्यांच्या वॉर्डात, मी एकवीस वर्षं काढली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "बाप रे! आपण सू म्हणू या." मग ड्युटीच्या तक्त्यावर, दारावरच्या पाटीवर, स्विचबोर्डच्या यादीत, सगळीकडे मी 'डॉ. सू के.' झाले. एकदा धीर करून खरं नाव म्हणून दाखवलं. "सू, माझ्याकडे एवढा वेळ असता तर!" ते म्हणाले आणि सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये बाबांना साताऱ्यात हार्ट अटॅक आला. ते शुद्धीवर होते, माझ्याशी बोलायचं म्हणत होते. माझ्या भावाने, मिलिंदने, तीन मिनिटांचा ट्रंक कॉल बुक केला आणि डॉ. सुहासिनी खळदकरांना बोलवा म्हणाला. स्विचबोर्डवरच्या ऑपरेटरने यादी पाहिली आणि अशी कुणी डॉक्टर इथे नाही म्हणून सांगितलं. मी तेव्हा दोन मजले वर, हॅलमसाहेबांच्या मागे राउंड घेत होते. बाबा त्याच संध्याकाळी गेले.

तेव्हापासून मला या माणसाचा सूड हवा होता. राग म्हणत नाही मी, सूडच म्हणते.

आणि आता शहाऐंशीव्या वर्षी, तीन घटस्फोटांनंतर, त्यांना आमच्याच अंगणातली खोली हवी होती. मी इतकी गोड शिफारस केली की ठराव एकमताने पास झाला. माझा बेत साधा होता. त्यांची पाळी येईल, शेवटच्या नावाशी ते अडखळतील, मी पहिल्या बाकावरून म्हणेन, "पुन्हा." जमेपर्यंत म्हणायला लावेन. सगळ्यांसमोर.

आमची वॉर्डन तनू माझ्या मैत्रिणीची मुलगी, लीड्समध्येच जन्मलेली. तिचा शुक्रवारी फोन आला.

"मावशी, या संडेला डॉ. हॅलमचा पाळी आहे. तुमचा नाव त्यांना खूप टफ जाणार. मी थोडा हेल्प करू?"

"काही गरज नाही," मी म्हणाले.

रविवारी ठेवणीतली जांभळी साडी नेसले, वर कोट चढवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. हॅलम काठी टेकत उभे राहिले. व्यापारी, त्याची बायको, दोन बिशप, एक दारूवाला, करत करत यादी संपत आली. मी घसा साफ केला.

"सुहासिनी दत्तात्रय खळदकर."

एकदाही न अडखळता. 'त्र' स्वच्छ. 'ळ' तर असा की दिल्लीकरांनी शिकवणी लावावी. माझं 'पुन्हा' घशातच राहिलं.

नंतर चहाच्या वेळी ते स्वतःच माझ्यापाशी आले, परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखे खूश.

"कसं जमलं? तनूच्या मागेच लागलो होतो मी. अवघड वाटलं होतं, पण खरं सांगतो, दहा मिनिटं लागली फक्त!"

दहा मिनिटं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण आला तो नुसता संताप.

"मधलं नाव माझ्या वडिलांचं आहे," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. यादी, ऑपरेटर, सातारा. आवाज मुद्दामच खाली आणला नाही. आजूबाजूचे कप थांबले. तनूने माझा दंड धरला.

"मावशी, बस झाला, प्लीज. ही इज एटी-सिक्स."

"असू दे," मी म्हणाले. "माझे बाबा एकसष्टचे होते."

हॅलमचा चेहरा उतरला होता. "मला खरंच माहीत नव्हतं, सू," ते म्हणाले, आणि तोंडातून काय गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं. मान खाली घालून त्यांनी हळूच दुरुस्ती केली. "सुहासिनी." अगदी बरोबर. घरी हाक मारायचे तसं.

"आता कशाला?" मी म्हणाले. "तो कॉल तीन मिनिटांचा होता, डॉक्टर. तुमच्याकडे दहा होती."