नागोजी सरांची फेरपरीक्षा

साईराजला सांबऱ्याच्या धावपट्टीवर विमान उतरवायला नागोजी सरांनी शिकवलं होतं, आणि आता त्याच धावपट्टीवर सरांची परीक्षा घ्यायची पाळी परीक्षक झालेल्या साईराजवर आली होती.

ढगाधुक्यात, बाहेरचं काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान चालवायच्या परवानगीला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. ते दरवर्षी परीक्षकाला शेजारी बसवून, उडून दाखवून नवं करून घ्यावं लागतं. सरांच्या रेटिंगची मुदत आठवड्यात संपत होती. साईराजने दुसऱ्या परीक्षकांना फोन लावून पाहिले, पण मोकळं कोणीच नव्हतं.

“लाजतोस कशाला रं?” सर म्हणाले. “इतरांची घेतोस तशी घे.”

सर कंग्राळीचे, वय एकसष्ट. साईराज येळ्ळूरचा. बारावीनंतर त्याने वैमानिक व्हायचं काढलं, तेव्हा त्याचे आप्पा आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. सर स्वतः स्कूटरवरून येळ्ळूरला आले, अंगणात बसून आप्पांशी दोन तास बोलले आणि उठताना म्हणाले, “पोरगं माझ्याकडं द्या. मी हाय.” त्यावर आप्पांना नाही म्हणता आलं नाही.

परीक्षेच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. त्यामुळे सरांनी बाहेरचं दिसू नये अशी झापड डोळ्यांवर चढवली. पहिला पाऊण तास त्यांनी असं विमान चालवलं की साईराज मनातून सुखावला. मग धावपट्टीकडे उतरायची वेळ आली. ठरलेल्या उंचीपर्यंतच उतरायचं, धावपट्टी डोळ्यांना दिसल्याशिवाय त्या उंचीखाली जायचं नाही, असा नियम. विमान त्या उंचीवर आलं आणि खालीच जात राहिलं. पन्नास फूट. शंभर. सर अगदी शांत बसले होते.

“सर, उंची!”

सरांनी दचकून विमान वर घेतलं.

खाली उतरल्यावर इंजिन बंद झालं, तरी दोघं तसेच बसून राहिले. विमानात तिसरं कोणी नव्हतं. साईराजने ‘पास’ लिहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. त्याने पेन काढलंही. पण पावसाळ्यात सर एखाद्या शिकाऊ पोरीला शेजारी घेऊन ढगात शिरतील, हे त्याच्या मनातून हलेना.

“सर, मला पास लिहिता येत न्हाय.”

“एकदाच चुकलं की.”

“व्हय. पण मी बोललो नसतो तर अजून खाली गेलो असतो.”

सरांनी कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाले, “द्या कागद. सही करतो.”

इतक्या वर्षांत सरांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. साईराजला ते मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

अकरा दिवस गेले. सरांचा फोन नाही, आणि साईराजला करायचा धीर नाही. घरी तो ताटावरून अर्ध्यावर उठायचा. शेवटी त्याची आई शालूबाई वैतागून म्हणाली, “हितं बसून काय हुणार हाय? जाऊन ये की कंग्राळीला.”

रविवारी तो गेला. सर परसात भेंडीला पाणी सोडत होते. त्याला बघून त्यांनी पाण्याची नळी खाली टाकली आणि खिशातून एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“कसा दिसतोय?”

साईराजने खाली पडलेली नळी उचलून भेंडीत सोडली.

“चार-पाच महिनं झालं, जवळचे आकडे धुरकट दिसत होते,” सर म्हणाले. “त्या दिवशी उतरताना तर उंचीची सुई कुठं हाय तेच नीट कळंना. अंदाजानं वाचली. पोरांसमोर चष्मा लावायची लाज वाटली रं. चाळीस वर्षं उडतोय न्हवं मी!” ते थांबले. “तू पास केलं असतंस तर आणखी वर्षभर तसाच उडलो असतो. सौम्याला घेऊन.”

सौम्या त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता सांबऱ्यालाच प्रशिक्षक; दोघं अजून बरोबर उडत. वैमानिकांसाठी लागणारी डोळ्यांची रीतसर तपासणी होईपर्यंत सरांनी उडणंच बंद ठेवलं होतं. त्यानंतर सरावाला तिलाच शेजारी बसवायचं त्यांनी ठरवलं होतं.

“मला राग आलता तुझा,” ते म्हणाले. “लई आलता. दोन दिवस जेवलो न्हाय.”

“मला पण जेवण ग्वाड लागंना, सर.”

“मग चल, आज जेवूनच जा.”

महिन्याभराने हैदराबादहून दुसरा परीक्षक आला. त्या सकाळी साईराज मुद्दाम सांबऱ्याकडे फिरकला नाही. घरी हातात फोन घेऊन अंगणात येरझारा घालत होता, आणि आप्पा ओट्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. साडेअकराला फोन वाजला.

“झालं रं!” सर ओरडून सांगत होते, मागे सौम्याचं हसणं ऐकू येत होतं. “पण तो तुझ्यापेक्षा कडक निघाला. डोळ्यांवर चष्मा होता, तरी दुसरा जोड कुठं हाय म्हणून विचारलं मला!”

“मग? होता?”

“सौम्यानं आणलाता तिच्या बॅगेतनं.”

आप्पांनी ओट्यावरूनच विचारलं, “काय म्हणतात मास्तर?” साईराजला हसू आवरत नव्हतं. त्याने फोन आप्पांच्याच हातात दिला.