मुलगी राहायला येतेय

"तुम्ही भाड्याने दिलेल्या घरांपैकी एखाद्यात, जुलैच्या थंडीत, बंद हीटरशेजारी तुम्ही स्वतः एक रात्र झोपाल का?"

हा प्रश्न मी भर सभेत विचारूच शकणार नाही, यावर माझ्या वर्गातल्या इस्लाने तिची हॉकी स्टिक पणाला लावली होती. आमची तिसरी मैत्रीण न्याकोर म्हणाली होती, "विचारेल ही. फक्त तोंड टोमॅटोसारखं होईल." प्रश्न मुळात न्याकोरच्याच भाड्याच्या घराचा होता. आणि ते घर माझ्या डॅडचं होतं.

म्हणून रविवारी मी डॅडसोबत ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरट गावच्या बोलिंग क्लबमध्ये गेले. घरमालकांसाठी मोफत मार्गदर्शन. मोफत म्हटल्यावर गावातल्या दोन-दोन घरांच्या सगळ्या धन्यांना ज्ञानाची भूक लागली होती, आणि लॅमिंग्टन केकची त्याहून जास्त. मार्गदर्शक होता ब्रेंट काल्डर. दात भिंतींपेक्षा पांढरे आणि आवाज असा, की हा माणूस झोपेतसुद्धा काहीतरी विकत असावा.

"भाडेकरूचं नाव लक्षात ठेवू नका, पत्ता लक्षात ठेवा," तो सांगत होता. "नाव आठवलं की दया येते. हीटर बिघडल्याची तक्रार आली? लगेच उत्तर द्या, गोड द्या. उत्तर द्यायला खर्च नाही. हीटरला आहे."

सगळे माना डोलवत लिहून घेत होते. माझे डॅडही. आमच्या कुत्र्याला इंजेक्शन देताना डोळे मिटून घेणारा हा माणूस 'उत्तर गोड' या शब्दांखाली रेघ मारत होता.

मी उठले आणि विचारलं. तोंड टोमॅटो झालंच. हॉलमध्ये एकटा हीटर घरघरत राहिला, तो बिचारा मात्र चालू होता.

ब्रेंट हसला. "वय काय गं तुझं?"

"सोळा."

"म्हणजे वडिलांच्या घरात फुकट झोपतेस. मजा कर." सगळे हसले. डॅडही हसले, थोडे उशिरा. ब्रेंट पुढे म्हणाला, "पण मंडळी, हिच्याकडे नीट बघा. हिच्या वडिलांचं नशीब उभं आहे. घरचं माणूस राहायला येणार असेल, तर भाडेकरूला घर सोडावं लागतं. शपथेवर लिहून द्यायचं, मुलगी राहायला येतेय. काही महिने पडदे ओढून ठेवायचे. मग मुलीचा विचार बदलतो. पोरींचे बदलतातच. नवा भाडेकरू, नवं भाडं."

टाळ्या पडल्या. खोटी शपथ घ्यायला शिकवलं म्हणून मोठी माणसं टाळ्या वाजवतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. शाळेत आम्हाला नुसती कॉपी केली तरी घरी फोन जातो.

गाडीत घराजवळच्या वळणावर डॅड म्हणाले, "तसा माणूस हुशार आहे."

"कोण, तो दातवाला?"

"थट्टा नको, पिप. तुझ्याच कॉलेजसाठी चाललंय ना हे सगळं."

म्हणजे आता खोटेपणाही माझ्याच भल्यासाठी. वा.

न्याकोरचं घर मला पाठ आहे. ती गणितं स्लीपिंग बॅगमध्ये बसून सोडवते. डॅडचा एजंट घराच्या तपासणीला येतो तेव्हा तिची आई आठवडाभर आधीपासून ओव्हन घासते. एजंट ओव्हनच्या आतले फोटो काढतो, टोस्टरखालच्या चुऱ्याचे काढतो, आणि मेलेल्या हीटरशेजारी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून 'सगळं ठीक' म्हणून जातो. हे घर गेलं, तर दर शनिवारी भाड्याच्या एकेका घरासमोर रांग लावायची. आमच्या भागात काही मिळायचं नाही, म्हणजे न्याकोर दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत. का, तर मी कागदावर तिच्या खोलीत झोपणार.

घरी माझी मम भोपळा भाजत होती. डॅडनी तिला सगळं सांगितलं, माझा प्रश्न सोडून.

"नुसतं कागदावरच ना," मम म्हणाली. "पिपला कुठे काय करायचंय?"

"तिचं नाव दिलं की झालं," डॅड म्हणाले. "बुधवारी सही करतो."

मी कपाटातून स्लीपिंग बॅग काढली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" ममने विचारलं.

"डॅड शपथेवर सांगणार आहेत ना, मी राहायला जातेय म्हणून? त्यांना खोटं पडू द्यायचं नाही. मी आजच जाते. न्याकोरला विचारलंय, तिच्या खोलीत जमिनीवर जागा आहे. त्यांना कुठे जायची गरज नाही, आम्ही सगळे मावतो."

"पिप, वेडेपणा करू नकोस."

"आणि कुणी अधिकाऱ्याने विचारलं, तर खरं तेच सांगेन. भाडेकरूंसोबत राहते, मजेत आहे, फक्त दात वाजतात."

डॅडनी बॅग बाजूला सरकवली. "किती दिवस हा तमाशा?"

"हीटर लागेपर्यंत. तो लागला आणि न्याकोरच्या आईला तुम्ही फोन करून, नावाने हाक मारून सांगितलंत की घर त्यांचंच आहे, की परत येईन. त्यांचं नाव अचोल आहे, डॅड. लिहून घ्या, आज दिवसभर तुम्ही बरंच लिहिलंय. ठरलं माझं. जेवून निघते."