ढगाची बाजू

टक्.

आतल्या खोलीत डबीचे झाकण उघडले आणि सकाळपासून घरात तुंबून राहिलेला अबोला फुटला. ओट्याशी भांडी पुसत उभ्या असलेल्या आईने कान टवकारले. मेकअपच्या काउंटरवर इतकी वर्षे काढल्यावर कुठली डबी कशी वाजते हे तिला न बघता कळायचे. ही तिचीच होती, पर्समधली.

ती दारात जाऊन उभी राहिली. आरशासमोर भिंगरी बसली होती. एका जागी बसणे लेकीला कधी जमलेच नाही, म्हणून ते नाव पडले आणि तेराव्या वर्षीही चिकटून राहिले. आत्ता मात्र ती पुतळ्यासारखी बसली होती. तोंड पांढरेफटक आणि मान आपल्या मूळ रंगाची.

"अगं बाई! पिठाच्या डब्यात पडलीस की काय?"

भिंगरीने रागाने बघायचा प्रयत्न केला, पण आरशाकडे नजर गेली आणि तिलाच हसू फुटले.

"मग माझ्या रंगाचं दे ना शोधून. सकाळी विचारलं तर म्हणे वय नाही. शुक्रवारी अख्ख्या कार्यक्रमाचं निवेदन मी करणारे, आई. माइक घेऊन, स्टेजवर! ओठांना नुसतं काहीतरी हवंय. बस."

आई पाघळली. दिवसभर परक्या बायकांचे चेहरे आपण हातात धरायचे आणि लेकीने पहिला रंग मैत्रिणीच्या दप्तरातून चोरून लावायचा, हे तिला काही पटेना.

"बरं. उद्या शाळा सुटली की काउंटरवर ये. नीट बसवून निवडू. आधी तो अवतार धू."

भिंगरी चेहरा धुऊन आली. पावडरीखालून तिचा ढग वर आला. डाव्या गालावरची ही जन्मखूण, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची, कडेला जरा विस्कटलेली. तिला ढग हे नाव बाबांनी दिले होते. सकाळी बस घेऊन निघताना ते दारातून हाक मारायचे, "काय गं, आज ढगाचा अंदाज काय?" भिंगरीचा मूड बघून मग पाऊस नाहीतर ऊन ठरायचे. आरशाच्या बाजूला भिंतीवर तिचे लहानपणापासूनचे फोटो ओळीने लावलेले होते, सगळे आईने याच खोलीत काढलेले. सगळ्या फोटोंत भिंगरी दाराकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती धावतच काउंटरवर आली आणि उंच स्टुलावर चढून बसली. पाय अधांतरी. आईने गळ्यातले ओळखपत्र सरळ केले, कमरेत किंचित वाकली.

"या मॅडम. काय दाखवू?"

"असं दाखवा," भिंगरी ऐटीत म्हणाली, "की लावलंय ते मुख्याध्यापिकांना कळता कामा नये आणि मैत्रिणींना कळल्याशिवाय राहता कामा नये."

शेजारच्या अत्तरांच्या काउंटरवरच्या मावशी खो खो हसल्या. "गिऱ्हाईक वस्ताद आहे हो तुमचं!"

"मान जरा वळवा मॅडम, उजेड येऊ दे," आई म्हणाली. हे तिचे ठरलेले वाक्य. मावशी तिची नक्कल करायच्या ती याच वाक्याने. तिने लेकीची हनुवटी दोन बोटांनी धरली. कामावर लागली तेव्हा थोरल्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी शिकवले होते, आधी झाकायचं काय ते बघ, मग खुलवायचं काय ते. तेव्हापासून गिऱ्हाईक समोर बसले की तिचा हात आपोआप खालच्या खणाकडे जायचा. डाग झाकायच्या कन्सीलरच्या ट्यूबा तिथे असत.

आजही गेला.

तिने मनगटावर दोन शेड काढल्या, बोटाने मिसळल्या, थोडी पिवळट झाक वाढवली. गालावर हलकेच थापत गेली. कडा विरल्या, मग मधला भाग. आजूबाजूची वर्दळ तिला ऐकू येईनाशी झाली. इतके बेमालूम काम तिच्या हातून कधी झाले नव्हते.

"अगंबाई, शोधूनसुद्धा सापडायचं नाही!" मावशी म्हणाल्या.

आई दोन पावले मागे सरकली. अभिमानाने तिचा चेहरा फुलून आला होता. तिने आरसा भिंगरीसमोर धरला.

भिंगरी बघत राहिली. हलणारे पाय थांबले.

"ढग कुठे गेला?"

"आहे की. आतच आहे. दिसत नाही एवढंच."

"पण मी लिपस्टिक मागितली होती."

"अगं, ती घेऊच ना! हे आपलं... स्टेजवर दिवे असतात मोठे, म्हणून." आईने घाईघाईने लिपस्टिकचा खण ओढला. "बघ, हा गुलाबी? का हा विटकरी? हा चमकतो बघ जरासा."

"कुठलाही चालेल."

साधी पेन्सिल घ्यायची तरी दुकानदाराला घाम फोडणारी मुलगी. आईच्या हातात चार लिपस्टिका तशाच राहिल्या. मागे कुणीतरी खोकले. खरे गिऱ्हाईक येऊन उभे होते. भिंगरी स्टुलावरून अलगद उतरली. कन्सीलरची ट्यूब मात्र तिने मुठीत घट्ट धरली होती.

शुक्रवारी सकाळी आई खोलीत आली तेव्हा भिंगरी आधीच आरशासमोर होती. लिपस्टिक टेबलावर होती, झाकणावरचा कागदसुद्धा न काढलेली. ट्यूब उघडी होती. गालावर लेपाचा जाड थर बसला होता आणि ती तो बोटाने पसरवत होती. रात्रभरात कुणीतरी तिला घाईचे काम सांगून गेल्यासारखी.

"नीट होत नाहीये. तू लाव ना."

"नको गं राणी. आज फक्त ओठांना लावू. गाल किती छान आहे तुझा, तसाच राहू दे."

"छान आहे तर मग त्या दिवशी का झाकलास?"

"सवय गं ती. कामाची." आईने ओला रुमाल पुढे केला. भिंगरीने मान मागे घेतली.

"पुसू नकोस. लोक बघतील."

'लोक' हा शब्द घरात तिच्या तोंडी पहिल्यांदाच आला होता.

तेवढ्यात बाबा किल्ल्या वाजवत दारात डोकावले. "काय गं, आज ढगाचा अंदाज..." ते थांबले. "अरे, ढग कुठे गेला?"

"आईनं घालवला," भिंगरी म्हणाली. रागाने नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावे तशी.

बाबांनी आईकडे पाहिले आणि नुसतेच "निघतो" म्हणाले. जिन्यावर त्यांची पावले रोजच्यापेक्षा सावकाश वाजत गेली.

आईने लिपस्टिकचा कागद सोडवला. लेकीचे ओठ ती अगदी हलक्या हाताने रंगवत होती. मनात या घटकेचे तिने कितीदा चित्र काढले होते. त्यात दोघी हसत असायच्या.

"झालं. कशी दिसतेस बघ! थांब, एक फोटो काढते." तिने मोबाइल उचलला. आवाज शक्य तितका आनंदी केला. "मान जरा वळव, उजेड येऊ दे."

भिंगरीने सवयीने मान दाराकडे वळवली आणि मध्येच थांबली. तिने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिले. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, ओळीतल्या शेवटच्यापर्यंत; सगळ्यांत उजवाच गाल. मग डावीकडच्या खिडकीकडे. सकाळचे ऊन तिथून सरळ तिच्या लेप लावलेल्या गालावर पडले होते.

"आई," ती म्हणाली, "उजेड तर नेहमी या बाजूनं येतो. मग तू मला दर वेळी तिकडे का वळवतेस?"